अकरा रुपयांची कोंबडी

या, असे पुढं सरका. झांजा बाजूला ठेवून ऐसपैस बसा, कीर्तन उभं राहायला अजून वेळ आहे. तोवर आमच्या वाडीतल्या आसारामभाऊंची गोष्ट सांगतो. आमच्या ख्रिस्ती देवळात त्यांच्याइतकं मोठ्यानं आमेन म्हणणारा माणूस साऱ्या श्रीगोंदा तालुक्यात नव्हता.

नव्या रस्त्यात भाऊंची तीन एकर गेली आणि घरात पैसा आला. भाऊंनी आधी देवाचे आभार मानले, मग बंगला बांधला. बंगल्यावर निळ्या दिव्यांचा क्रूस, बंगल्यापुढं हिरवळ. हिरवळीला पाणी हवं म्हणून सहाशे फूट बोर मारलं. त्याच आठवड्यात वाडीचा हापसा खाकरायला लागला आणि महिन्याभरात पार मुका झाला.

मग बाया मैलभर लांबच्या विहिरीवरनं हंडे आणू लागल्या. गोजरबाईची सून ज्योती आठव्या महिन्यात होती, आणि गोजरबाईचा स्वतःचा गुडघा कामातनं गेलेला. एका सकाळी ज्योती हंड्यासकट वाटेत पडली. त्याच दुपारी गोजरबाई बंगल्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली.

"भाऊ, दिसाला चार हंडं द्या. सुनंला आता न्हाई झेपत. पोटातल्याला काय झालं तर मी काय करू?"

भाऊ गवतावर नळी धरून उभे होते. "गोजराकाकू, एकीला दिलं की समदी वाडी येती. गवत तुडवत्याल. मी असं करतो, तुमाला प्रार्थनेत ठेवतो."

"ठेवा," गोजरबाई म्हणाली. "मी बी तुमाला ठेवते."

भाऊंच्या मंडळी छबूबाई खिडकीत लसूण सोलत होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं.

फेब्रुवारीत ज्वारी निघाली आणि देवळात हंगामाचा सण आला. आमची रीत अशी, की शेतातलं, घरातलं जे पहिलं असेल ते वेदीपुढं आणायचं. ज्यानं आणलं त्यानंच त्यावर प्रार्थना करायची, मग त्याचा लिलाव, पैसे देवळाला. आणि आमेन जपून म्हणायचं, कारण आमेन म्हटलं की ती प्रार्थना पुरी करायचं काम आमेन म्हणणाऱ्याच्याच अंगावर पडतं. जुन्या लोकांनीच तसं घालून दिलंय.

त्या दिवशी अजिनाथबुवांनी कीर्तनात कोठारवाल्या श्रीमंताचं आख्यान लावलं. धान्य मावेना म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला तो माणूस, आणि त्याच रात्री त्याला वरून आलेलं बोलावणं. भाऊंचे डोळे भरून आले. शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "असत्यात बघा अशी मानसं."

लिलावात भाऊंनी एक भोपळा पाच हजाराला घेतला. टाळ्या पडल्या. भाऊ मान तुकवून बसले. मग गोजरबाई कोंबडी काखेत मारून पुढं झाली.

"बापा, ही तूच दिली. हिच्या अंड्यांवर माझं मीठमिरची चाललं. आता ही तुझी. वाडीचा हापसा मेलाय, तुला ठावं हाय. ज्याच्या बोरला तू पानी दिलंस, त्याच्याच हातानं वाडीच्या कोरड्या टाकीत पानी पाड. उद्याच पाड. सुनंचे दिवस भरत आल्यात, दम धरायला सवड न्हाई."

"आमेन," आसारामभाऊ गरजले. डोळे मिटलेले, कानात अजून भोपळ्याच्या टाळ्या.

बाकी कुणी तोंड उघडलं नव्हतं. भाऊंनी हळूच एक डोळा उघडून बघितलं.

"वाडीत बोर कुनाकुनाचं हाय?" बुवांनी विचारलं.

"एकाचंच," बाया म्हणाल्या.

"आवो, मी सवयीनं म्हनलं," भाऊ.

"मग देवानं बी सवयीनंच ऐकलं आसंल," बुवा म्हणाले.

भाऊ उठून उभे राहिले. "एकवीस हजार देतो. कोंबडी बी ऱ्हाऊ द्या तिलाच. तेवढं प्रार्थनेचं सोडा."

"लिलाव कोंबडीचा हाय, भाऊ. प्रार्थनेचा न्हाई हुत," बुवांनी सांगितलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं छबूबाई उठल्या. "माझे अकरा रुपये. कोंबडी मला द्या. आन् गवताला आनलेला पाइप टाकीपतुर पुरतो. काल मी पावलांनी मापून आलेय."

त्यापुढं बोली कुणी चढवली नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला टाकीत पाणी पडलं. भाऊ कंबरेवर हात ठेवून लांबूनच बघत होते. गोजरबाई त्यांना हात जोडायलाही गेली नाही. म्हणाली, "ह्ये पानी मी त्यांच्याकडं कुठं मागितलं? देवाकडं मागितलं." पंधरा दिवसांत हिरवळ पिवळी पडली आणि उरलीसुरली शेरडांनी खाल्ली. पुढच्या महिन्यात ज्योतीला मुलगी झाली, चांगली तीन किलोची.

भाऊ देवळात अजून येतात. पण आता प्रार्थनेत दोन्ही डोळे उघडे ठेवून बसतात. कोण काय मागतंय ते शेवटपर्यंत ऐकतात आणि ओठ घट्ट मिटून घेतात.

चला, बुवा फेटा बांधायला लागले. कीर्तनानंतर तुम्ही गुडघे टेकाल तेव्हा गोजरबाईची काळजी करू नका, तिच्या दारात पाणी आहे. आसारामभाऊंना तेवढं प्रार्थनेत ठेवा. त्यांच्याजवळ अजून लई पैसा शिल्लक आहे.