शेपटी फिरवणारे महाराज

लाँड्रीच्या गच्चीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मावळतीच्या वर धूमकेतू दिसत होता आणि त्याची निळसर शेपटी पूर्वेकडे वळलेली होती. गेल्या महिन्यात हाच पहाटे उगवतीला दिसायचा, तेव्हा शेपटी पश्चिमेकडे असे.

"गाडीचा धूर मागे जातो ना?" महाराज म्हणाले. "हा दुष्ट शेपटी पुढे करून उलट्या पावली पळतोय. फिरवीन म्हणालो होतो, फिरवली."

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांची थोरली बहीण पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. शेपटी फिरली की साखर उतरेल, तोवर सुई बंद, असं महाराजांनी फर्मावलं आणि ताईने भावोजींचं इन्शुलिन थांबवलं. बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. "चार बुकं शिकलीस म्हणून महाराजांना शिकवू नकोस," ताई म्हणाली होती.

बाईंनी कपडे वाळवायचा उभा पंखा ओढून आणला आणि काठीच्या टोकाला फीत बांधली. "पंखा म्हणजे सूर्य, टोक म्हणजे धूमकेतू. बघा." त्या पंख्याच्या झोताकडे चालत आल्या, तेव्हा फीत मागे उडाली. झोतातच वळून त्या लांब जाऊ लागल्या, तशी फीत पुढे.

"सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत सुटतो. ही निळी शेपटी त्यामुळे कायम सूर्याच्या उलट बाजूला असते. वारा बदलला की हलते, कधी तुटते, पुन्हा नवी फुटते. शेपटी फिरणार हे पेपरात आधीच छापून आलं होतं. महाराजांनी फक्त वाचलं."

"बाईंचा पंखा विजेवर चालतो, आमचा श्रद्धेवर," महाराज म्हणाले. लोक खो खो हसले.

ताई मात्र उठली. काठी घेऊन तिने स्वतः पंख्यासमोर तशीच फेरी मारली. मग महाराजांसमोर उभी राहिली. "तुम्हीच फिरवली ना? मग आत्ता एकदा परत फिरवून दाखवा."

महाराजांनी डोळे मिटून घेतले.

बहिणी धावत घरी पोचल्या. भावोजी धापा टाकत पडले होते आणि श्वासाला सडक्या फळांचा वास येत होता. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. 'साखर उतरली होती, देहाला पेलवलं नाही,' असा महाराजांचा निरोप आला.

रडून डोळे सुजलेली ताई शेजारणीच्या दारात गेली. तिनेही सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"आजच चालू कर," ताई म्हणाली. "कुणी चमत्कार केला म्हणालं, तर कसा केला ते विचार. पुन्हा करून दाखवायला सांग. नाही जमलं, तर उठून घरी ये. मी विचारलं, पण फार उशिरा."

शेजारणीने पदराने डोळे पुसले.

"खरंय गं तुझं," ती म्हणाली. "महाराजांना विचारते आणि लगेच चालू करते."