आत्याने दिलेला काळा चष्मा

मी एक काळा चष्मा बोलतोय. नोएडातल्या एका दुकानात काचेमागे बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघायचो. सुमित्राबाई नावाच्या एक मराठी बाई आल्या, त्यांनी मला उचललं आणि म्हणाल्या, "भाचीसाठी हवाय. उन्हाचा त्रास होतो तिला."

ती भाची म्हणजे नीला. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वडिलांबरोबर राहायची. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे सुमित्राआत्या हीच तिची आई. नीला नोएडाच्या एका न्यूज चॅनेलमध्ये व्हिडिओ एडिटर होती. दिवसभर स्क्रीनसमोर बसायची आणि वरचेवर तिचा उजवा डोळा लालभडक व्हायचा.

आत्याने स्वतःच्या हाताने मला तिच्या नाकावर चढवलं. "घालत जा गं. कुणी विचारलं तर सांग, ॲलर्जी आहे."

नीला हसली होती. मलाही किती मिरवावंसं वाटलं होतं! एवढ्या मायेने दिलेली वस्तू मी.

मग मी तिच्या चेहऱ्याचाच भाग झालो. मेट्रोत, कॅन्टीनमध्ये, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. डोळा लाल झाला की वडील, विनायकराव, केमिस्टकडून थेंबांची बाटली आणायचे. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मधूनच तिला निमोनिया व्हायचा. "दिल्लीची हवाच खराब आहे, बेटा," विनायकराव म्हणायचे. माणसं हवेवर किती काय काय ढकलतात!

एक दिवस ऑफिसात नीलाने डावा डोळा झाकून स्क्रीनकडे पाहिलं. मधोमध काळा ढग होता. अँकरचा चेहराच दिसेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्यावर व्रण झाला होता. आतल्या सुजेने तो हळूहळू पडत गेला होता. त्यांनी डोळ्यापेक्षा निमोनियाचीच जास्त चौकशी केली आणि रक्त तपासायला सांगितलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "इम्युनिटी का प्रॉब्लेम है. शरीरात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनतच नाहीत म्हणा. जन्मजात असतं, घराण्यातून येतं. परिवार में किसी और को है?"

मी नीलाच्या मांडीवर होतो. विनायकरावांनी घसा खाकरला.

"नहीं जी. बिल्कुल नहीं."

"पहले पता होता तो शायद यह आँख बच जाती," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात दर महिन्याला ड्रिपमधून प्रतिपिंडं द्यायची ठरली. विनायकराव सोबत जाणार होते, पण तारखेच्या आधीच, ड्रिपची एक खुर्ची आज रिकामी आहे, लगेच या, असा हॉस्पिटलातून फोन आला. नीला ऑफिसातून तशीच एकटी निघाली. वॉर्डात शिरली आणि दारातच थबकली.

खिडकीशेजारच्या खुर्चीत सुमित्राआत्या बसली होती. हाताला ड्रिप, मांडीवर विणकाम. नर्स तिला नावाने हाक मारत होती.

"आत्या?"

विणकामाची सुई थांबली. "नीलू... तुझी तारीख पुढची होती ना?"

म्हणजे आत्याला तारीखही माहीत होती.

"कधीपासून येतेस तू इथे?"

"माझा उल्हास शाळेत होता तेव्हापासून. अगं, घराण्यात खोट आहे असं पसरलं असतं. उल्हासचं लग्न व्हायचं होतं..."

"बाबांना माहीत आहे?"

आत्याने मान खाली घातली. "त्यानेच शपथ घातली. तुझ्या लग्नाची काळजी होती गं त्याला."

"आणि माझ्या डोळ्याची?"

आत्या रडू लागली. नीला रडली नाही. तिने मला काढून आत्याच्या विणकामावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीत बसून नर्सपुढे हात केला. वॉर्डातल्या लख्ख उजेडात तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं, आत्याने मला कशासाठी विकत घेतलं होतं. उजेड अडवायला नव्हे, लोकांचे प्रश्न अडवायला. मायेची वस्तू म्हणून मिरवलो, आणि मी साधा पडदा होतो!

आता मी नोएडात, आत्याच्या कपाटात आहे. नीला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. डावा डोळा शाबूत आहे, ड्रिप चालू आहे, कामही. ती वडिलांचा फोन घेत नाही. मात्र एक फोन तिने स्वतः होऊन केला, उल्हासला.

परवा उल्हास आला. कडेवर त्याची लहानगी होती, कान फुटलेला, नाक वाहतंय.

"आई, हिचं रक्त तपासायला दिलंय. मला नीलाने सांगितलं. तू का नाही सांगितलंस?"

कपाटाच्या फटीतून मला आत्या दिसत होती. ती नातीला घ्यायला पुढे झाली. उल्हास एक पाऊल मागे सरकला.

वाचणाऱ्यांनो, घरात कुणाचा डोळा पुन्हा पुन्हा लाल होत असेल, छाती सारखी भरत असेल, तर त्याला माझ्यासारखा चष्मा आणून देऊन गप्प बसू नका. आधी त्याला जवळ बसवा, आणि घरात कुणाला काय झालं होतं ते सांगा.