अंटिलनंतरचा नॉट

"त्यांना अंटिल शिकवू नकोस," नवनाथ म्हणाला होता. डब्याचं झाकण लावता लावता, सहज. माझा नवरा भोसरीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. "मशीनवरच्या माणसाला दोनच वाक्यं लागतात. कर, आणि करू नको. तू बसशील मिश्रवाक्यं काढत."

"म्हणजे त्यांनी जन्मभर हेल्परच राहायचं का?"

तो हसला आणि शिफ्टला गेला. मला वाटलं, मी जिंकले.

रविवारी सकाळी पिंपळे गुरवच्या आमच्या हॉलमध्ये पाच जण इंग्रजी शिकायला यायचे. सगळे हिंदीवाले, सगळे चाकणला कंत्राटी. त्यांत थोरले रामसजीवन, गोंडा जिल्ह्यातले, पन्नाशीला टेकलेले. वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. माझी दोन वर्षांची हर्षाली त्यांच्या वहीवर रेघोट्या मारायची, तर म्हणायचे, "बड़ी मैडम ने जाँच ली, अब आप जाँचिए."

रबराचे पाइप वाफेवर शिजवायचा ऑटोक्लेव्ह ते सांभाळायचे. खोलीएवढा कुकरच तो. त्याच्या दारावर लावायला साहेबांनी त्यांच्याकडून इंग्रजीत पाटी मागितली होती. एकोणीस वर्षांत त्यांना कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

त्यांनी हिंदी वाक्य मनात धरलं. जब तक प्रेशर ज़ीरो न हो, दरवाज़ा मत खोलो. आणि शब्दाला शब्द लावत खाली लिहिलं: डू नॉट ओपन डोअर अंटिल प्रेशर इज नॉट झिरो.

"मैडम, नॉट दो बार आ गया. चलेगा?"

हर्षाली स्टुलावर चढत होती. मी तिच्याकडे धावत म्हटलं, "हाँ, चलेगा." परत येऊन लाल पेनाने बरोबरची खूण केली.

गुरुवारी सव्वातीनला त्यांनी फोटो पाठवला. लॅमिनेट केलेली पाटी, शेजारी हेल्मेट घालून ते. मी ओट्याशी उभी होते. हर्षालीच्या खिचडीचा कुकर उतरवला होता आणि वाफ जायची वाट बघत होते. तेवढ्यात मोठ्याने वाचलं.

पुन्हा वाचलं.

प्रेशर शून्याच्या वर जाईपर्यंत दार उघडू नका. म्हणजे गेलं, की उघडा.

हिंदीत तिथे 'न' लागतो. आपणही म्हणतोच की, 'शून्य होत नाही तोवर'. म्हणून तो मला खटकलाच नाही. इंग्रजीत अंटिलच्या पोटातच नकार असतो, वरून दुसरा घातला की वाक्य उलटं फिरतं. हे मला माहीत होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय.

फोन लावला. ते बसमध्ये होते, पहिली पाळी करून घरी निघालेले.

"मैडम, फोटो देखा?"

"वो पाटी निकलवाओ. वाक्य उलटा है. ग़लती मेरी है."

"अरे मैडम, वहाँ पाटी कौन पढ़ता है. सबको मालूम है." ते हसले. मग हसणं थांबलं. "नहीं. सेल्वी पढ़ेगी."

सेल्वी तमिळनाडूहून आलेली ट्रेनी. हिंदी येत नाही, इंग्रजी चांगलं. आजपासून दुसऱ्या पाळीत त्याच कुकरवर. पाटी तिच्यासाठीच करवून घेतली होती.

"पण प्रेशर असताना दार लॉक होतं ना?" घाबरले की माझं हिंदी जातं.

"सेन्सर महीने भर से बंद है. इसीलिए तो पाटी."

"प्रेशर किती वाजता चढेल?"

"चार से पहले." मग कंडक्टरला हाक ऐकू आली, "रोको भाई, रोको."

मी हर्षालीला कडेवर घेतलं. ती 'मम्मम' म्हणत होती आणि माझा हात कुकरकडे जाईना.

तीन पन्नासला त्यांचाच फोन आला, पण आवाज दुसरा होता. गेटवरचा वॉचमन, गेनू. चाकणच्या बाजूचाच गडी.

"ताई, पंच करून भाईर पडलेला मानूस परत आत न्हाई घेता येत. रूल हाय."

"मग आत फोन लावा."

"लावला. मशीनच्या आवाजात उचलत न्हाईत कुनी."

"तुम्ही जा दादा. पळत जा. ऑटोक्लेव्हवर एक मुलगी आहे, ती दार उघडेल."

"आन् गेट सोडू व्हय?"

मागून रामसजीवन म्हणाले, "गेट हम देखते हैं."

"बरं, पर तिला सांगू काय? मला विंग्रजी येत न्हाई. सोपं सांगा."

"स्टॉप म्हणा. फक्त स्टॉप."

"येवढं येतंय."

फोन रामसजीवनांकडे राहिला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, त्यांना हर्षालीचं रडणं येत असणार. भिंतीवरच्या घड्याळात तीन सत्तावन्न झाले. अठ्ठावन्न.

मग गेनूचा धापा टाकणारा आवाज. "पोरगी बरी हाय. हात हँडलवरच व्हता. मलाच बघून दचकली."

रामसजीवन एवढंच म्हणाले, "मैडम, बच्ची को खाना दीजिए."

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. सेन्सरबद्दल कुणी काही विचारलं नाही. पाटी कुणी लिहिली, ती कुणाकडून तपासून घेतली, एवढंच. गेनूने मला फोनवर सांगितलं, "त्यो म्हनला, आय रोट. नोबडी चेक. साहेब बी बघत राह्यला. मंग गेटपास काढून घेतला त्याचा."

मी कंपनीला मेल केली, चूक माझी आहे म्हणून. उत्तर नाही. रामसजीवनांचा फोन त्या दिवसापासून बंद आहे, आज दहावा दिवस. रविवारी बाकीचे चौघे आले आणि त्यांची जागा सोडून बसले. नवनाथ मोशीला, ते राहतात तिथे, जाऊन आला. खोलीला कुलूप, दोरीवर शर्ट वाळत घातलेला. गावी जाणारा माणूस दोरीवर शर्ट ठेवून जाईल का, हे मी नवनाथला तीनदा विचारलं.

तुम्ही मोशीकडे राहत असाल, तर निळ्या टाकीमागच्या चाळीत शेवटच्या खोलीचं दार वाजवून बघा. कुलूप असेल तर शेजारी विचारा. उंच, किरकोळ माणूस, हळू बोलतो. जेवले का, ते हिंदीतच विचारा. आणि सांगा, वही मी तपासली होती.