उलट्या बादलीवरची लेखिका

नावाजलेल्या लेखिकेच्या स्मृतिदिनासाठी अ‍ॅनिमेटर बाईने वर्षभर राबून चार मिनिटांची फिल्म केली. सोहळ्याच्या आदल्या दिवशी लेखिकेचा मुलगा ती बघायला स्टुडिओत आला. पडद्यावर लेखिका बाथरूमची कडी लावून, नळ सोडून, उलट्या बादलीवर बसून लिहीत होती.

"आईला बादलीवर बसवलंत?" तो भडकला. "टेबल द्या तिला, छानशी खिडकी द्या."

"टेबल तुमच्या वडिलांचं होतं. त्यांना बायकोने लिहिलेलं खपत नव्हतं. तुमच्या ताईंनीच सांगितलंय मला."

"ताईला काय कळतंय! हे बदला, नाहीतर उद्या सभागृहात फिल्म लागणार नाही."

"मग नका लावू," ती म्हणाली. "तिला टेबल मी देणार नाही."

तो पाय आपटत गेला. तिने ताईंना फोन लावला. ताई शिवणाचा क्लास चालवायच्या. "माझ्याकडे आण," त्या म्हणाल्या. "भिंत पांढरीशुभ्र आहे."

दुसऱ्या दिवशी, ऐन सोहळ्याच्या वेळी, शिलाई मशिनी बाजूला सारून तीसेक बायका जमिनीवर दाटीवाटीने बसल्या. बाहेर संशय येऊ नये म्हणून लेखिकेने नळ सोडला तशी एक आजी खुदकन हसली. "मीसुद्धा असाच नळ सोडून रडून घ्यायचे," ती शेजारणीला म्हणाली. फिल्म संपताच सगळ्यांनी "पुन्हा लावा" असा एकच गलका केला.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. भाऊ होता. "अगं, पाहुणे आलेत, पहिलं भाषण तुझं आहे. कुठे आहेस तू?"

"आईजवळ," ताई म्हणाल्या. त्यांनी फोन बंद केला आणि दिवा मालवला.