आहे तेवढंच देणारी मर्यादा

मी एक मर्यादा बोलतेय. बांध, कुंपण, वेस अशी डोळ्यांना दिसणारी मी नाही. कॉम्प्युटरच्या आत, सगळ्या प्रोग्रामांचा कारभार पाहणारा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तिथे माझा मुक्काम. माझी सगळी काया म्हणजे सेटिंगच्या फायलीतली एक ओळ आणि तिच्यापुढचा आकडा. एवढ्याशा ओळीचं काय ऐकायचं, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याने झालं ते सांगितलं त्याचं कोणी ऐकलं नाही, म्हणून मीच बोलते.

माझा जन्म टँकरच्या कचेरीत झाला. लातूर आणि नांदेडच्या मधलं एक तालुक्याचं गाव, दुष्काळाचं दुसरं वर्ष. कोणत्या वस्तीला कोणत्या विहिरीचं पाणी न्यायचं, याची यादी तिथल्या एका जुन्या मशीनवर चालायची. मशीन दुसऱ्या एका खात्याने वापरून टाकलेलं. मेमरी अवघी चार जीबी, आणि गरज पडली तर डिस्कवरची दोन जीबीची जागा.

मला लिहिलं नासिरने, तो कचेरीतलं हे मशीन सांभाळायचा. त्याचे वडील मुरुडला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून द्यायचे. ताकदीबाहेर पाणी ओढायला लावलेली मोटार कशी जळते, ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून मशीन हातात आल्यावर त्याने आधी माझा बंदोबस्त केला.

माझं काम काय ते सांगते. प्रोग्राम सुरू झाला की गाभ्याकडे जागा मागतो. मागतो भरमसाठ, वापरतो थोडी. गाभा मोठा भिडस्त, त्याच्या तोंडून नाही निघत नाही. दिलेली जागा तेव्हा नुसती कागदावर असते. प्रोग्रामने तिथे काही लिहिलं की मगच खरी मेमरी द्यावी लागते. सगळे एकदम लिहायला बसले आणि खरी मेमरी संपली, तर गाभ्यात एक मारेकरी बसलेला असतो, तो उठतो. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम शोधतो आणि जागच्या जागी मारतो. विचारत नाही, सांगत नाही.

तो उठू नये म्हणून मी. नासिरने माझ्यापुढे २ लिहिलं. त्याचा अर्थ, आहे तेवढ्याचंच वचन द्यायचं. गाभ्यासाठी थोडी जागा राखून, हिशेबाने पाच जीबीच्या थोडं वर. त्यापलीकडे कोणी मागितलं की मी तोंडावर नाही म्हणायचे. माझा स्वभावच तसा आहे. गोड बोलणं मला जमत नाही.

कचेरीची रीत मात्र उलटी होती. फोन उचलला की पहिला शब्द ‘हाव’, म्हणजे हो. ‘हाव, लावलाय टँकर.’ ‘हाव, निघालाय.’ टँकर निघालेला असो नसो. तहानलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा त्यामागचा विचार. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी कबूल करते. ऐकून माझ्या मात्र अंगावर काटा यायचा.

फोनवर असायची शिवकांता. यादी तिच्या ताब्यात. ती कोणालाही खोटा हाव म्हणत नसे. आधी मशीनवर नोंद करायची, मगच सांगायची. म्हणून वस्त्यांवरच्या बाया तिचं नाव घेऊन फोन करत. मला ती आवडायची, हे सरळच सांगते.

मग नवा जिल्हा झाला. निम्मी गावं तिकडे, निम्मी इकडे. नवी कचेरी उभी राहीपर्यंत दोन्ही जिल्ह्यांच्या याद्या याच मशीनवर चालवायच्या, असं ठरलं. म्हणजे एका प्रोग्रामचे दोन करायचे. दुसऱ्यानेही पहिल्याएवढीच जागा मागितली. मी बेरीज केली आणि नाही म्हणाले.

कचेरीचे प्रमुख अमृतराव साहेब खुर्ची सोडून मशीनपाशी आले.

“नासिर, जिल्हे दोन झाले, आन् तुझी मशीन न्हाई म्हणून राहिली?”

“साहेब, हाय तेवढंच देती ती. मेमरी वाढवून द्या, दोन्ही याद्या चालतील.”

“त्याचा कागद वर गेलाय, कधी येईल ते कुणाला ठाऊक? सोमवारी उद्घाटन हाय. पाहुण्यांला काय सांगू, मशीन राजी न्हाई म्हणून?”

“मर्यादा काढता येती, पर...”

“पर-बिर नको. काढ.”

नासिरने सेटिंगची फाईल उघडली. मग त्याने माझ्यापुढचा २ खोडून १ लिहिला. १ म्हणजे कोणीही, कितीही मागो, द्यायचं. मी मेले नाही. माझा पाच जीबीचा आकडा अजूनही मोजला जातो, कोणी पाहिलं तर दिसतोही. फक्त पाळत कोणी नाही. गाभा एका क्षणात दुसऱ्या यादीला हो म्हणाला. साहेब खूश झाले.

सुरुवातीला दुसरी यादी काहीच खात नव्हती. मेमरीतली पहिलीचीच पानं तीही वाचायची. नव्या जिल्ह्याचंही तसंच होतं म्हणा, पाटी नवी आणि विहिरी त्याच. नोंदी वेगळ्या होऊ लागल्या की प्रत्येकीला आपापली पानं लागणार होती. हे मला दिसत होतं आणि माझा शब्द चालत नव्हता. ते चार दिवस मी फार भ्याले.

त्यात साहेबांनी आणखी एक काम सांगितलं. “नव्या जिल्ह्याची यादी पाहुण्यांपुढं बंद पडाया नको. काय बी कर.” तेव्हा नासिरने नव्या यादीवर खूण केली, की मारेकऱ्याने हिला हात लावायचा नाही. शिवाय कोणताही प्रोग्राम पडला तर आपोआप पुन्हा सुरू व्हावा, अशीही सोय केली. आता मारेकरी उठला तर त्याच्यासमोर एकच मोठं सावज उरलं होतं, शिवकांताची जुनी यादी. तिला हे सांगावं म्हणून तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. ती फोनवर बोलत होती. दोन मिनिटं थांबून तो परत फिरला.

सोमवार उजाडला. अंगणात मांडव, लाऊडस्पीकर, पेढ्यांचे खोके. अकरा वाजून गेले आणि शिवकांताचा फोन वाजला. डोंगरवस्तीवरची धुरपताबाई होती. त्या वस्तीला ईश्वरप्पाच्या विहिरीचं पाणी जायचं.

“माय, ईश्वरप्पाच्या इहिरीपाशी काल कुणी तरी फवारणीचा ड्रम धुतलाय. पाणी दिसाया साफ हाय, पर डोणीतलं पाणी बकरं पेलं आन् तडफडून गेलं. आम्ही आज पाण्याला तोंड लावलं न्हाई.”

“थांबा मावशी, फोन ठेवू नका.” शिवकांताने लगेच ईश्वरप्पाची विहीर बंद केली. वस्तीपुढे शाळेमागची विहीर लिहिली. मग म्हणाली, “झालं मावशी. आता येईल तो टँकर शाळेमागच्या विहिरीचा. ते पाणी बिनघोर प्या.”

“तू म्हणलीस म्हणजे झालं,” धुरपताबाई म्हणाली.

शिवकांताने खोटं काही सांगितलं नव्हतं. नोंद झाली होती. पण ती मेमरीतच होती. त्या प्रोग्रामची नोंद दर तासाच्या ठोक्याला डिस्कवर उतरायची, आणि बारा वाजायला अजून अर्धा तास होता.

तेवढ्यात साहेबांनी तिला मांडवात पेढा घ्यायला बोलावलं. इकडे पाहुण्यांना दाखवायला नव्या जिल्ह्याची सगळी गावं एकदम नव्या यादीत भरायला घेतली. नवी यादी पानामागून पान मागू लागली. गाभा देत गेला. चार जीबी संपली. डिस्कवरची जागा संपली. बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि आत मारेकरी उठला. त्याने खूण असलेली यादी सोडली आणि शिवकांताची मारली.

क्षणभर पडदा काळा झाला. मग नासिरने केलेल्या सोयीप्रमाणे यादी आपोआप उठली, डिस्कवर होती तशी, अकरा वाजताची. तिच्यात डोंगरवस्तीपुढे ईश्वरप्पाची विहीर होती.

शिवकांता परत आली तेव्हा पडदा नेहमीसारखाच दिसत होता. चंद्रप्पा ड्रायव्हर घाईत होता. तिने चिठ्ठी छापली आणि त्याच्या हातात दिली. आजवर मशीनने तिला फसवलं नव्हतं, म्हणून तिने ती वाचली नाही. मी ओरडले असते, पण मर्यादेला आवाज नसतो.

तीन वाजता पुन्हा धुरपताबाईचा फोन आला. आवाज हसरा होता.

“टँकर आला गं माय. तू सांगितलंस म्हणून समद्या वस्तीला म्हणलं, आज पोटभर प्या.”

“बरं झालं मावशी,” असं म्हणत शिवकांताने सहज यादी उघडली. डोंगरवस्तीपुढे ईश्वरप्पाची विहीर होती.

“मावशी, पिऊ नका! ओता ते पाणी! समदं ओता!”

“आता काय ओतू, माय? लेकरं पिऊन खेळाया बी गेली.”

पुढे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मला कचेरीतलं आणि मशीनमधलं तेवढं कळतं. माणशी किती पाणी द्यायचं ते काढायला यादीत प्रत्येक वस्तीची माणसं लिहिलेली असतात. डोंगरवस्तीपुढे एकशे बारा होती. पंधरा दिवसांनी शिवकांताने तिथे एकशे आठ लिहिलं. लिहिताना तिला तीनदा थांबावं लागलं. त्यानंतर ती त्या टेबलावर बसली नाही.

चौकशीत ‘तांत्रिक बिघाड’ असं आलं. नासिरने सगळं लिहून दिलं होतं, तरी त्याला काढलं. आता हे मशीन नव्या जिल्ह्याच्या कचेरीत न्यायचं ठरलं आहे. खोका आलेला आहे. माझ्यापुढे अजूनही १ आहे, आणि ते तिकडे कोणाला ठाऊक नाही.

तिकडे जो कोणी हे मशीन जोडेल, त्याला माझी विनवणी आहे. बटण दाबल्यावर आधी माझी ओळ शोध, १ खोड आणि २ लिही. काही प्रोग्राम उघडणार नाहीत. साहेब चिडतील. चिडू देत. ‘नाही’ ऐकलेला माणूस दुसरी सोय बघतो. धुरपताबाईला आम्ही हो म्हणालो होतो.