ताटावरचा ढेकर

"मंग ढेकर बी यायचा न्हाई का?" चतुराबाईनं विचारलं, तसे जालन्याचे डॉक्टर हसले.

"बाई, त्यांना एवढे ढेकर येतात ते या दुखण्यानंच," ते म्हणाले.

तिच्या नवऱ्यासाठी, रामकिसनसाठी, त्यांनी दोन्ही वाटा समजावून सांगितल्या होत्या. एक तर रोज उपाशीपोटी गोळी, बहुधा जन्मभर. तिनं जळजळ थांबते, पण पोटातून वर येणारं आंबट पाणी थांबेलच असं नाही. नाहीतर औरंगाबादला जाऊन दुर्बिणीतून ऑपरेशन. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला की पोटातलं वर येत नाही. मात्र पहिले काही आठवडे घास अडकतो, पोट फुगतं, ढेकर बंद होऊ शकतो, आणि पुढं कधी गोळी लागणारच नाही याची हमी कुणी देत नाही.

रामकिसनला ढेकराचं काहीच वाटलं नाही. तीर्थपुरीजवळच्या आपल्या मोसंबीच्या बागेत झाडांभोवती आळी करायला वाकला की, गोळी चालू असूनही, आंबट पाणी त्याच्या घशाशी यायचं. चतुराबाईचं मात्र काळीज हललं. लग्न झाल्यापासून त्यानं तिच्या स्वैपाकाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. बोललाच तर मीठ जास्त झालं की बोलायचा. पण ताटावरून उठताना शेजारच्या द्वारकाबाईला ऐकू जाईल असा लांब ढेकर द्यायचा. तेवढ्यावर तिनं सारा संसार रेटला होता. आणि तो ढेकर म्हणे दुखण्याचा!

"तू काय म्हन्ती?" रामकिसननं तिला विचारलं.

गोळीच बरी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण छातीला हात लावून आळ्यातून उठणारा नवरा तिनं कितीदा तरी पाहिला होता.

"करून घ्या आपरेशन," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. बरेच दिवस पातळ वरण आणि मऊ भात झाला. मग एका दुपारी तिनं भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली. तो बारीक घास घेत सावकाश जेवला, हात धुऊन उठला. सवयीनं ती थांबून राहिली. काहीच ऐकू आलं नाही. तिला उगाच रडू यायला लागलं.

रामकिसन उंबऱ्यात घुटमळला. "भाजी चांगली झाल्ती," तो मागं न बघताच म्हणाला.

चतुराबाई दचकली. "मीठ जास्त पडलं का?"

"न्हाई. चांगली झाल्ती म्हनलो," असं म्हणून तो बागेकडे निघून गेला.

तरी आपलं ताट वाढून घेण्याआधी तिनं भाजी चाखून पाहिली. मीठ बरोबर होतं.