शेल्टरमधलं मखर

"आपण इथे पाहुणे नाही, या देशाचे आधारस्तंभ आहोत!" सिंगापुरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष प्रबोधकाका माइकवरून गरजले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, खुर्च्या आवरा. पाचला हॉल लाइन डान्सिंगवाल्यांचा आहे."

आधारस्तंभांनी खुर्च्यांच्या घड्या घातल्या.

सगळ्यांत जास्त पांडुरंगने. तो जहाजावर इंजिनियर. कंपनी सिंगापूरची, जहाजावर झेंडाही सिंगापूरचा. चौदा वर्षं पीआर, म्हणजे कायमचं राहायचं परमिट, सेंगकांगला फ्लॅट, मुलगी ऋता प्रायमरी फाइव्हला. तिथल्या नव्या फ्लॅटना सक्तीने असते त्या बॉम्ब शेल्टरच्या खोलीत मंडळाच्या गणपतीचं मखर ठेवलेलं असे. मखर तिथे वर्षभर राहायचं, पांडुरंग चार महिने.

नेमकं हेच सरकारला खटकलं. नियम बदलला: मागच्या पाच वर्षांतले निम्मे दिवस देशात काढलेले हवेत, नाहीतर परमिट संपलं. त्याच्याबरोबर बायकोमुलीचंही. होऊन गेलेले दिवस आता परत जाऊन कसे काढायचे, हे सरकारकडून आलेल्या पत्रात नव्हतं. पत्र मात्र अत्यंत नम्र होतं.

"घाबरतोस काय?" प्रबोधकाका म्हणाले. सिटिझन झाल्यापासून ते कशालाच घाबरत नसत. "बोटीवरचं पुस्तक घेऊन जा. चौदा वर्षांची चाकरी बघू दे की त्यांना!"

पांडुरंगने पुस्तक नेलं. जहाजावर चढल्या-उतरल्याचा एकेक शिक्का, तारखेसकट. इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या बाईंनी पान न् पान कौतुकाने पाहिलं.

"व्हेरी नीट, सर. आमच्या नोंदींप्रमाणे तुमचे एकशेदहा दिवस कमी पडत होते. यात तर तीनशेच्या वर कमी निघतात."

"पण मॅडम, जहाजावर झेंडा तुमचाच आहे."

"झेंडा राहू शकतो, सर."

देश सोडायला तीस दिवसांची मुदत मिळाली. ऋता म्हणाली, "पुण्यात आय डोन्ट नो एनीबडी लाह, पप्पा." पांडुरंगच्या बायकोने, स्वप्नालीने, कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या.

पांडुरंगने प्रबोधकाकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फार वाईट झालं रे," ते म्हणाले. आवाज खरंच भरून आला होता. "पण नियम म्हणजे नियम. मंडळ तुझ्या पाठीशी आहे हं."

"हो, काका."

"आणि ऐक, जायच्या आधी ते मखर तेवढं लिफ्टपर्यंत आणून ठेवशील? माझी कंबर धरलीये."